म्हातारी पुन्हा रस्त्यावर

हिबारा,
१९ ऑक्टोबर २००८

प्रिय फेर्मिनदादा,

तुला, मारिबेलला आणि दोन्ही पोरांना खूप प्रेम. आम्ही सगळे धडधाकट आहोत, हे आधी वाच आणि मग बाकीचं सावकाश वाच. आईचा गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. घराचं अर्धं छप्पर वादळाने नेलं होतं, तिथे आता नवे पत्रे आलेत. ऊन तापलं की घराची भट्टी होते. आई म्हणते, निदान पाव तरी भाजता येईल.

तू पाठवलेलं मलम मिळालं. माझ्या तिकडे येण्यासाठीच्या वकिलातीच्या मुलाखतीचं बोलावणंही मिळालं. ते आईच्या कपाटात, तिच्या लग्नाच्या झग्याखाली ठेवलंय. मुलाखत मार्चमध्ये आहे, म्हणजे अजून वेळ आहे.

आता म्हातारीचं. तू लिहिलंस की ती भंगारात दे आणि मोकळा हो. फोनवर मी तुला एवढंच सांगितलं होतं की गाडी बुडाली. कशी बुडाली ते ऐक.

वादळाच्या दिवशी सकाळपासून मी खालच्या गल्ल्यांतली माणसं भरून वरच्या शाळेत नेत होतो. बाकांवर म्हाताऱ्या, मांडीवर पोरं, पायांशी कोंबड्या. एकाने डुक्कर आणलं आणि माणसांच्या आधी चढवलं. बाबांच्या त्या एक्कावन्न सालच्या शेवरोले ट्रकने एकदाही कां कूं केलं नाही. शेवटच्या खेपेला मी धक्क्याजवळच्या एका आजीबाईला आणायला गेलो, तेवढ्यात लाट भिंत ओलांडून रस्त्यावर आली आणि इंजिन बंद पडलं. आजीबाईला पाठुंगळी घेतलं आणि चढ चढायला लागलो. मागे वळून पाहिलं तेव्हा पाणी दरवाजाच्या मुठीला लागलं होतं.

वादळ सरल्यावर खाली गेलो, तर मासेमारांच्या सोसायटीच्या भिंतीला टेकून म्हातारी एका कुशीवर पडलेली. मागे वाळू, सीटवर समुद्रातलं गवत, आणि पेडलांपाशी एक मोठा खेकडा, गाडी आता त्याच्या नावावर झाल्यासारखा. मी तिथेच फरशीवर बसलो. बाबांनी आयुष्यभर पुसलेली गाडी ती. तुझ्या-माझ्या पोटातला प्रत्येक घास तिने वाहून आणलेला. मला उठावंसंच वाटेना.

तेवढ्यात वहिनी आल्या.

तू म्हणशील, अदेल्फाला अजून वहिनी? तुमच्या घटस्फोटाला इतकी वर्षं झाली, तुझा तिकडे संसार झाला. पण तोंडाला बसलेलं वळण आहे, जात नाही. तू गेलास तेव्हा त्यांना हातोडी धरता येत नव्हती. पुढे त्या होड्यांच्या कारखान्यात वेल्डिंगला लागल्या, तेवढं तुला ठाऊक आहे. कारखान्याने माणसं कमी केल्यावर त्यांनी माहेरच्या अंगणात गाड्यांचं काम सुरू केलं, हे मात्र मी तुला कधी लिहिलं नाही. आज ओल्गिन शहरापासूनचे टॅक्सीवाले त्यांच्या दारात उभे असतात. पंचावन्नची ब्यूक, सत्तावन्नची फोर्ड, कुणाचा पत्रा सडलेला, कुणाचं इंजिन धूर ओकणारं. वहिनी चष्मा कपाळावर चढवून एकेकाची खरडपट्टी काढतात आणि गाडी नीट करून देतात.

त्यांनी म्हातारीभोवती एक चक्कर मारली. पायाने चाक दाबलं. दारावर मूठ आपटून आवाज ऐकला.

“वहिनी, संपली ही,” मी म्हणालो.

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतोय.”

“तू ड्रायव्हर आहेस, एलिसेओ. तू फक्त कुठे जायचं ते म्हण. आणि ऊठ आता. मीठ आपल्यासाठी थांबायचं नाही.”

नळाला पाणी नव्हतं. अख्ख्या गल्लीने विहिरीवरून बादल्या आणल्या आणि म्हातारीला गोड्या पाण्याने आंघोळ घातली. इंजिनातलं तेल काढलं, तर दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं. मग बैलांच्या दोन जोड्या लावून तिला वहिनींच्या अंगणात नेलं. इंजिनातले पिस्टन सगळे गंजून अडकलेले. वहिनींनी प्लग काढून भोकांतून डिझेल आणि रॉकेल ओतलं, वर चिंध्या कोंबल्या आणि म्हणाल्या, “आता हिला एकटी सोड.”

मला धीर कुठला. माझ्या गाडीने रोज ओल्गिनला जाणारी माणसं रस्त्यात उभी राहून रडकुंडीला आलेली. दोन आठवड्यांनी मी ओळखीच्या एका ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आलो. गाडी गियरमध्ये टाकून ओढली की पिस्टन सुटतील, असा माझा हिशोब. वहिनी कॉफीचा पेला घेऊन म्हातारीच्या बंपरवर येऊन बसल्या.

“ट्रॅक्टर परत पाठव.”

“वहिनी, तुम्ही जरा बाजूला व्हा.”

“अडकलेल्याला खेचलं की पिस्टनचे दांडे वाकतात. मग हिच्यात आणि त्या पडक्या भिंतीत काय फरक राहिला? वाट बघायला शिक.”

“किती दिवस?”

“तिला लागतील तितके.”

ट्रॅक्टरवाला वरून ओरडला, “तुमचं काय ते लवकर ठरवा. इथे माझं डिझेल जळतंय.”

“जाळण्यापेक्षा एक डबा इकडे ओत,” वहिनी म्हणाल्या. आणि दादा, त्याने खरंच ओतलं.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही इंजिनाच्या चाकाच्या दात्यांत पहार घालून हलकेच दाबायचो. आधी इकडे, मग तिकडे. काही नाही. परत चिंध्या. परत डिझेल. काल सकाळी पहार अंगठ्याच्या पेरभर सरकली. मला वाटलं माझाच हात घसरला. वहिनींनी पहार माझ्याकडून घेतली, पुन्हा दाबली, पुन्हा सरकली. त्यांनी हात पुसले आणि एवढंच म्हणाल्या, “श्वास आहे.”

तेव्हा भंगाराचं मनातून काढून टाक. आईचे तुला पापे.

तुझा,
एलिसेओ


हिबारा,
८ फेब्रुवारी २००९

प्रिय दादा,

तुझं नाताळचं पत्र आलं, फोटोही. धाकटा हुबेहूब बाबांसारखा दिसतो, तेच कान. आईने फोटो देवाजवळ ठेवलाय आणि आल्यागेल्याला दाखवते. नाताळला आम्ही युकाचा कंद उकडला, वर लसणाचा रस, आणि शेजाऱ्यांनी डुकराच्या मांसातला वाटा दिला. तेच डुक्कर, ज्याला मी वादळातून वाचवलं होतं. मला दोन घास जड गेले.

पासपोर्टचे फोटो काढले का, असं तू विचारतोस. काढले. आई म्हणते, त्यात मी कोंबडीचोर दिसतो.

गाडीचं काम जोरात आहे. इंजिन पूर्ण उघडलं. पिस्टन वाचले, पण दांड्यांच्या बेअरिंगमधला पांढरा धातू खाऱ्या पाण्याने खाऊन टाकला होता. नव्या गाड्यांसारखं जुनं काढून तयार नवं बसवायचं, असं या इंजिनात नाही. धातू वितळवून आत ओतायचा आणि हाताने खरवडून मापाला आणायचा. हे काम बाबांनीही बाहेरून करून घेतलं होतं, तुला आठवत असेल.

धातू आणला ओनेलिओने. साखर कारखान्याचा जुना फिटर, बाबांबरोबर पत्ते खेळायचा तो. कारखाना बंद झाल्यापासून बायकोला छळणं एवढाच त्याला उद्योग. चरकाच्या बेअरिंगमधल्या याच धातूचा एक गोळा त्याने घरात दार अडवायला ठेवला होता. तो घेऊन आला आणि म्हणाला, “हा घ्या. आता आमचं दार वाऱ्याने आपटणार, आणि बायको तुम्हाला शिव्या देणार.”

दादा, ते ओतकाम तू बघायला हवं होतंस. अदेल्फाने साचा विस्तवापाशी ठेवून कडकडीत तापवला, कारण आत थेंबभर ओल राहिली तरी धातू तोंडावर उडतो. मग धातू वितळायला ठेवला आणि पाइनची एक काडी त्यात बुडवून बघत राहिली. काडी ओली-पांढरी निघाली की नाही म्हणून मान हलवायची. काडी जळून काळी झाली तर धातू जास्त तापला. काडी तपकिरी निघाली तेव्हा तिने ओनेलिओला बोलणं थांबवायला सांगितलं (आणि तो थांबला, हा एक चमत्कारच) आणि एका धारेत ओतलं. बाईचा हात नाही, बाप्याचाही नाही, तो हात नुसता त्या कामाचा होता. दुसरं काही मला सुचत नाही.

पण खरं काम त्यानंतरचं. क्रँकशाफ्टला काजळी आणि तेल चोपडायचं, दांडा बसवायचा, फिरवायचा, पुन्हा काढायचा. जिथे काळा डाग लागला तिथे धातू उंच आहे, तेवढाच खरवडायचा. कांद्याच्या सालीहून पातळ. मग पुन्हा काजळी. सहा दांडे. एकदा मी म्हणालो, “आता पुरे की, छान बसलाय.” तिने दांडा माझ्या हातात दिला. “डोळे मिटून फिरव. कुठे अडतं सांग.” मी फिरवला. एका जागी अगदी किंचित, झोपेत कुणी कूस बदलावी तेवढं, अडत होतं. मी सांगितलं. “मग पुरे कसं झालं?” म्हणाली, आणि खरवडणी माझ्या हातात दिली. पुढचे दोन दांडे मी केले. एक तिने पुन्हा केला, पण दुसरा तसाच ठेवला.

दारांचे खालचे पत्रे आणि डावं मडगार्ड तेलाच्या पिंपातून निघालं. पिंप कापून सपाट केलं, झाडाच्या बुंध्यावर वाळूची पिशवी ठेवली आणि ठोकत बसलो. तिची हातोडी पडते तिथे पत्रा ऐकतो. माझी पडते तिथे रुसतो. ओल्गिनचा एक टॅक्सीवाला आपल्या ब्यूकसाठी आला होता, तो म्हणाला, “बाई, या पत्र्यावर अजून तेल कंपनीचं नाव दिसतंय.” ती म्हणाली, “मडगार्ड आहे ते. आतल्या बाजूने वाचायला तू खाली झोपणार आहेस का?” तो झोपला. खाली जाऊन वाचूनही आला. बाहेरून त्याला जोड सापडला नाही. मग आपल्या ब्यूकचीही तीच बाजू काढून द्या म्हणून मागे लागला.

रंग तोच हिरवा, बाबांचा. तो जमवायला तिने जुन्या दाराच्या आतला, ऊन न लागलेला तुकडा घेतला आणि त्यावरून रंग मिसळले. आईला दाखवला तर आई त्या दारावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

आईवरून आठवलं. परवा अदेल्फा जेवायला आली होती, भात आणि काळे राजमे, वर तळलेला मासा. मी म्हणालो, “तू अजून एक तुकडा घे ना.” आईने चमचा खाली ठेवला.

“एलिसेओ, आतापर्यंत ‘वहिनी, तुम्ही घ्या’ असं होतं. हे तू कधीपासून?”

अदेल्फा शांतपणे म्हणाली, “इंजिन बसवताना सुरू झालं, आई. पान्हा मागताना अहो-जाहो करत बसला असता तर बोट गेलं असतं त्याचं.”

आई म्हणाली, “बरं. बोट महत्त्वाचं.” आणि मासा माझ्या ताटात वाढला. त्यानंतर ती येता-जाता माझ्याकडे बघते. आईचं बघणं कसं असतं ते तुला माहीत आहे.

मुलाखत पाच मार्चला. पत्र लांबलं. थांबतो.

तुझा,
एलिसेओ


हिबारा,
९ मार्च २००९

प्रिय दादा,

सगळे बरे आहोत. आईचा गुडघा बरा. हवा बरी.

मी मुलाखतीला गेलो नाही.

हे वाक्य लिहून मी उठलो, अंगणात गेलो, पुन्हा येऊन बसलो. आता जसं झालं तसं सांगतो. तू शेवटपर्यंत वाच, मग काय वाटायचं ते वाटू दे.

चार तारखेला म्हातारीची पहिली खेप होती. मीच तो दिवस धरला होता. माणसं घेऊन ओल्गिनला जायचं, तिथून हवानाची बस पकडायची, आणि गाडी अदेल्फाने परत आणायची. पिशवी सीटखाली ठेवली होती. कागद शर्टाच्या आत. आईने निघताना मला जवळ घेतलं आणि दोन्ही गालांचे पापे घेतले. “नीट जा,” म्हणाली. “ये” म्हणाली नाही.

बाक खच्चून भरले. पहिला चढ आला तेव्हा सगळ्यांनी गप्पा थांबवल्या, इंजिन ऐकायला. अदेल्फा माझ्या शेजारी, एक तळवा खालच्या पत्र्यावर टेकवून. चढ संपला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. ती हसली नाही. तळवा तसाच. पार पठारावर पोचल्यावर तिने हात उचलला, तिच्या त्या तेलकट पँटला पुसला आणि म्हणाली, “आता तू चालव. मी बाहेर बघते.” आणि लहान मुलीसारखी खिडकीतून उसाची शेतं बघत बसली. मी वीस वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवतोय, दादा. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो रस्ता बघितला.

स्टँडवर माणसं उतरली, परतीची चढायला लागली. हवानाची बस समोर उभी. मी पिशवी काढली आणि तशीच हातात धरून उभा राहिलो.

“जा,” ती म्हणाली. “बस चुकेल.”

“मी जात नाही.”

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं ती खूश होईल.

“माझ्यासाठी राहत असशील तर आत्ता त्या बसमध्ये बस. तुझा भाऊ गेला तेव्हा मी मोडले नाही. तू गेलास तरी मोडणार नाही. पण माझ्यासाठी राहिलास आणि उद्या एकदा जरी तोंड वाकडं केलंस, तर मी ते बघू शकणार नाही.”

मी म्हणालो, “मला इथे राहायचंय. माझा रस्ता आहे, माझी माणसं आहेत, आई आहे, ही गाडी आहे. तू नसतीस तरी मी बसपर्यंत जाऊन परत फिरलो असतो. हे एक. आणि मला तुझ्याबरोबर राहायचंय. हे वेगळं. दोन्हींची सरमिसळ करू नकोस.”

रांगेत एक बाई माशांची पाटी घेऊन उभी होती. ती म्हणाली, “अहो, हे प्रेम आहे की भांडण? भांडण असेल तर मी दुसरी गाडी बघते. माझे मासे उन्हात आहेत.”

अदेल्फा त्या बाईकडे बघून म्हणाली, “चढा तुम्ही. गाडी निघतेय.” मग मला म्हणाली, “पहिलं खरं असेल तर चढ. दुसऱ्याचं घरी गेल्यावर बघू.”

मी चढलो. परतीच्या वाटेवर मागच्या बाकांवर रस्ताभर तोच विषय चालला होता, मला ऐकू येत होतं. एक म्हातारा आमच्या बाजूने होता आणि माशांची बाई त्याच्याशी हमरीतुमरीवर आली होती.

घरी आल्यावर तिने मला अंगणात बसवलं आणि सांगितलं, “त्या दुसऱ्या गोष्टीला माझा होकार आहे. फक्त आधी फेर्मिनला लिही. त्याला बाजारातून कळता कामा नये. पण एक लक्षात ठेव. परवानगी मागायची नाही. मी काही कपाटातली वस्तू नाही की एका भावाने ठेवली आणि दुसऱ्याने विचारून घेतली. कळवायचं. नीट, प्रेमाने, तुझ्या शब्दांत.”

तर दादा, कळवतो. अदेल्फा आणि मी लग्न करणार आहोत.

तू कागदपत्रांसाठी किती धावपळ केलीस ते मला ठाऊक आहे. ऑफिसात रांगा लावल्यास, सुट्ट्या घालवल्यास, माझ्यासाठी घरात खोली रिकामी ठेवलीस. आपण दोघांनी मिळून एका अंगणात म्हातारं व्हायचं, हे तुझं स्वप्न होतं. ते मी मोडतोय. त्याचं मला वाईट वाटतं. अदेल्फाबद्दल मात्र वाईट वाटत नाही, आणि ते खोटं लिहिणार नाही. तुला ती बाई ठाऊक नाही. तू ज्या मुलीशी लग्न केलंस ती चांगलीच होती, पण ही बाई तिने तू गेल्यानंतर स्वतःच घडवली. मी नुसता जवळ उभा राहून बघत होतो, आणि बघता बघता माझे डोळे हलेनासे झाले.

तू रागावशील. रागाव. पण गप्प बसू नकोस, एवढं मागतो.

तुझा,
एलिसेओ


हिबारा,
१७ मे २००९

प्रिय दादा,

मार्चनंतर तुझं पत्र नाही. एप्रिलभर पोस्टमन आला की आई आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची. आम्ही लग्नाची गोष्ट कुणीच काढली नाही. अदेल्फा ओल्गिनच्या त्या ब्यूकवर काम करत होती. मी खेपा करत होतो. लोक विचारायचे, मी म्हणायचो, बघू.

मग मागच्या रविवारी, मातृदिनाला, तू नेहमीसारखा शेजारच्या युलालियाबाईंकडे फोन केलास. पुढचं तुला ठाऊक आहे, पण इकडून काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

आई आधी दहा मिनिटं तुझ्या पोरांच्या दातांबद्दल बोलली. मग ऐकत राहिली, आणि रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळली. “तो म्हणतो, गाडीचा आवाज ऐकायचाय.”

युलालियाबाईंनी फोनची वायर खिडकीपर्यंत ओढली. मध्ये खुर्ची आली, ती त्यांनी पायाने लोटली. अदेल्फा गाडी त्यांच्या खिडकीखाली घेऊन आली, मडगार्डला रंग लावता लावता उठलेली, तोंडावर रंग तसाच. सुरू करून तिने ती मोकळी धडधडू दिली. आईने रिसीव्हर खिडकीबाहेर धरला. त्या गल्लीत कोंबडीसुद्धा हलत नव्हती. युलालियाबाई कानाशी हात लावून उभ्या, जणू त्यांच्याचसाठी वाजतंय.

आईने रिसीव्हर परत कानाला लावला तेव्हा तू तिला म्हणालास, “बाबांच्या वेळीही एवढी शांत नव्हती.” आईने ते मोठ्याने आम्हाला सांगितलं. अदेल्फाने गाडी बंद केली. मग तू तिला फोनवर बोलावलंस.

मी बाहेर गेलो. ते ऐकणं माझं काम नव्हतं. खिडकीतून मला ती नुसती दिसत होती, पाठमोरी. ती ऐकत होती. “हो,” म्हणाली. बऱ्याच वेळाने, “मलाही.” आणि शेवटी, “मुलांना पापे दे.” रिसीव्हर बाजूला ठेवून ती तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि आई तिची पाठ चोळत होती. तू तिला काय म्हणालास ते तिने मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता, हातावर अजून हिरवा रंग. म्हणाली, “चल, उद्याच्या खेपेला ब्रेकचं तेल बघायचंय.” त्या दिवशी तिने ब्रेक सोडून गाडीतलं सगळं बघितलं.

माझ्याशी तू फोनवर फार बोलला नाहीस. “आईला जप,” म्हणालास, आणि मग नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. लहानपणी धक्क्यावर गळ टाकून आपण तासन्‌तास असेच बसायचो. मला तेवढं पुरलं.

लग्न येत्या रविवारी, नोंदणी कचेरीत. सकाळची खेप रद्द करायची नाही, असं अदेल्फाने बजावलंय; माणसं खोळंबतील. म्हणून आधी ओल्गिन, मग लग्न. ओनेलिओ साक्षीदार आहे आणि भाषण करायचं म्हणतो, त्याला आवरायचं काम आईकडे दिलंय. आईने झगा काढून उन्हात घातलाय. स्वतःसाठी नाही म्हणते, पण अंगाला लावून बघताना मी तिला पकडलं. तुझी मुलाखतीची कागदपत्रं मी जपून ठेवली आहेत. त्यावर तुझी सही आहे, ती मी टाकणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पोरांना घेऊन ये. रस्त्यावर तुला उभं राहावं लागणार नाही. मी घ्यायला येईन, आणि बाकावर नाही, पुढे बसवेन. तुझी आणि तिची भेट कशी होईल ते मला माहीत नाही. जशी होईल तशी होऊ दे.

मारिबेलला आणि पोरांना प्रेम. आईचे पापे, नेहमीपेक्षा जास्त.

तुझा धाकटा भाऊ,
आणि रविवारपासून अदेल्फाचा नवरा,
एलिसेओ